पुलाची थरथर आणि आमचा वरवंटा

मोठे भाऊजी मंगळवारी सकाळी वारले. मी चहा करून मधल्या दाराशी कप ठेवला आणि हाक मारली. उत्तर आलं नाही.

त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी दुःख यायला हवं. मला आधी संताप येतो. गेला आठवडाभर मी पुन्हा पुन्हा लिहायला बसते, दोन ओळी होतात, आणि त्यांनी केलेला एखादा उपद्व्याप आठवून मी लेखणी खाली ठेवते. त्याला माझा इलाज नाही. त्यांच्याशी माझी ओळखच संतापानं झाली, आणि तीही माझ्या लग्नाच्या वरातीत.

मोठे भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले भाऊ. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. सबंध नोकरी रस्त्यांवर आणि पुलांवर गेली. लग्न केलं नव्हतं. माझं माहेर वर्ध्याचं. लग्न लागून आमची वरात रोहण्याला निघाली, ती गावाअलीकडच्या बोरनाल्याच्या पुलाशी येऊन थांबली. पुलाच्या तोंडाशी एक उंच, वाळका माणूस छत्री आडवी धरून उभा होता. मला वाटलं, कोणी वाट अडवून ओवाळणी मागणारा असेल.

"बेंड बंद!" तो माणूस म्हणाला. "पुलावर ताल धराचा नाई. पाय ज्याले जसे टाकाचे तसे टाका, पन सोबत टाकू नका."

क्लॅरोनेटवाला म्हणाला, "साहेब, आमी तं सोबत वाजवालेच शिकलो."

"मंग पलीकडं जाऊन शिकलेलं दाखवा."

माझे सासरे तेव्हा हयात होते. ते भांडून पाहून थकले. शेवटी बँड बंद झाला आणि सगळी वरात, एकमेकांच्या पावलाशी पाऊल जुळणार नाही अशा बेतानं, अडखळत, थबकत, भांग प्यायल्यासारखी पूल ओलांडून गेली. बैलांच्या दमणीत माझ्या शेजारी बसलेले माझे यजमान हसून लोटपोट झाले. "आमचे दादा," ते म्हणाले. मी डोळ्यांवरून पदर खाली ओढला. या घरात माझा प्रवेश असा बेताल झाला.

पुढं मला त्याचं कारण समजलं. समजून माझा राग कमी झाला असं मात्र नाही. भाऊजींचं म्हणणं असं की प्रत्येक पुलाला त्याची स्वतःची थरथर असते. वरून गाडी गेली की पूल हलतो, आपल्याला दिसत नाही इतका. निरोगी पुलाची थरथर आखूड आणि झटपट असते. खांबाखालची माती वाहून गेली, सांधे ढिले झाले, तर थरथर लांबते, सुस्तावते. पूल डोळ्यांना तसाच दिसतो, पण थरथर बदललेली असते. आणि वरातीनं त्या थरथरीशी जुळणारा ठेका नेमका धरला, तर पूल झोपाळ्यासारखा वाढत्या झोक्यानं हलू लागतो. "पूल पाहून समजत नाई," ते म्हणत. "थरथर पाहून सांगतो."

हे "थरथर पाहून सांगतो" एवढं एकच वाक्य ऐकत मी त्या घरात वर्षं काढली. घरात नवीन वस्तू आली की भाऊजी तिच्यावर तळहात ठेवत आणि दुसऱ्या हातानं टिचकी मारत. पाहुणा खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची तपासली जाई, त्यामुळे पाहुणे आमच्याकडं भीतभीतच बसत. माझं पुस्तकांचं कपाट आलं त्या दिवशी त्यांनी त्याला डाव्या मागच्या पायाचा आजार सांगितला आणि खाली पत्र्याचा तुकडा सरकवला. गावात लोक त्यांना पुलाचे वैद्य म्हणत. कोणी चेष्टेनं विचारी, "ओव्हरसियर साहेब, आमच्या बुढ्याचे गुडघे थरथरते, पाहता का?" भाऊजी गंभीरपणानं विचारत, "वजन उचलल्यावर का रिकामाच?"

हे सगळं ते माझ्याशी बोलत नसत. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत त्यांनी शेवटपर्यंत पाळली. ते ओसरीलगतच्या खोलीत राहत. मधे एक दार होतं. त्या दाराच्या चौकटीशी ते बोलत आणि मी ऐकायचं. "चहा झाला असन तं बरं होईन," असं ते चौकटीला सांगत. मी आतून भांडं आपटून उत्तर देई.

भांडं आपटायला कारण होतं. भाऊजींनी थरथर मोजायचं एक यंत्र केलं होतं. नोकरीत असताना कोण्या मोठ्या साहेबानं आणलेलं तसलं यंत्र त्यांनी एकदा पाहिलं, आणि तेव्हापासून ते डोक्यात बसलं होतं. लाकडाची चौकट, तिच्यात कापसाच्या जिनिंग कारखान्यातून आणलेली जुनी स्प्रिंग, स्प्रिंगला टांगलेलं एक जड वजन. चौकट पुलावर ठेवली की पुलाबरोबर चौकट हलते, पण वजन जागच्या जागी राहू पाहतं. वजनाला एक सुई. सुईसमोर काजळी धरलेली काच, आणि ती काच गजराच्या घड्याळाच्या यंत्रानं हळूहळू सरकते. मोटर पुलावरून गेली की काचेवरच्या काजळीत सुईनं लाटांची एक रेघ उमटते. ती रेघ भाऊजी भिंग लावून वाचत. दर पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि नंतर, तीच मोटर, तोच वेग.

यात काय वाईट, असं कोणालाही वाटेल. घड्याळ माझ्या लग्नात आलेलं होतं. काजळी माझ्या कंदिलांची होती, आणि कंदील तासभर धूर ओकत ठेवल्यानं घर काळवंडे. आणि ते जड वजन म्हणजे आमचा वरवंटा होता. गावातली दुसरी कोणतीही वस्तू इतक्या सारख्या घडणीची आणि दोन्ही टोकांना दोरी बांधता येईल अशी सापडली नाही, असं त्यांनी दाराच्या चौकटीला सांगितलं होतं. त्यामुळे पूल मोजायच्या दिवशी आमच्याकडं चटणी नसे, वाटण नसे. पाटा एकटा भिंतीला टेकून असे. जेवताना यजमान विचारत, "आज पूल आहे वाटतं?" आणि वरण नुसतंच ओरपत.

या सगळ्याला माझे यजमान हसायचे. एका वैशाखात ते तापानं गेले. हसणारं कोणी उरलं नाही. चिडणारी मी उरले.

त्या आषाढात मी आर्वीच्या मुलींच्या शाळेत नोकरी धरली. नोकरी तात्पुरती होती. मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पावसाळ्यात दांड्या मारणाऱ्या बाया आम्ही ठेवत नाही." शाळेची वाट बोरनाल्याच्या पुलावरूनच. दुसरी वाट काळ्या मातीतून, आणि पावसाळ्यात त्या मातीत बैल रुततात तिथं माझं काय. सकाळच्या मोटरनं जायचं, संध्याकाळच्या मोटरनं यायचं. मुलींना शिकवताना मला बरं वाटे. घरी आल्यावर पुन्हा भिंती असत.

श्रावण लागला तेव्हा टाकीवाली आली. पाटा गुळगुळीत झाला की ही बाई छिन्नीनं त्याला पुन्हा खरबरीत करून देते. ती कडुनिंबाखाली बसली, तिथंच आमचा आणि शेजारच्या गिरजाबाईंचा पाटा-वरवंटा टाकी लावून झाला. त्यानंतर वरवंटा मला जड वाटू लागला. पण त्या दिवसांत मला सगळंच जड वाटत होतं.

त्याच आठवड्यात भाऊजी यंत्र घेऊन पुलावर गेले आणि काळजीनं परत आले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी आमची मोटर पुलाशी आली तर तिथं लाल फडकं फडकत होतं, आणि ते धरून भाऊजी उभे होते.

"उतरा सगळे," ते म्हणाले. "मोटर रिकामी जाईन. मानसं पायी."

ड्रायव्हर रहीमभाई म्हणाले, "क्यों साहब, पूल टूटा क्या?"

"मोजमाप चालू हाय."

"किसका मोजमाप? रोज येच लोग हैं, रोज येच मोटर."

"म्हनूनच तं मोजता येते. उतरा."

माणसं उतरली. कोंबड्या घेऊन एक बाई होती, ती सर्वांत मोठ्यानं बोलली. "काऊन उतराचं? तिकिट का पुलाच्या अलीकडचं हाय?" चिखलात पाय टाकत, छत्र्या उलट्या होत, सगळे पुलावरून चालले. मागून मोटर रिकामी, बैलाच्या चालीनं आली. मधेच माझ्या वर्गातल्या दोन मुली हसू दाबत होत्या. मी खाली मान घालून चालत होते, आणि एकेक माणूस माझ्याकडं वळून पाहत होतं, कारण हे कोणाचे भासरे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

असं रोज चाललं. जाताना उतरायचं, येताना उतरायचं. मी शाळेत उशिरा पोचू लागले. संध्याकाळी मी चौकटीला सांगितलं, "असंच चाललं तर माझी नोकरी जाईल." पलीकडून आलं, "अंतर ठेवून चालत जा. कठड्याकडून नाई. मधून."

हे उत्तर होतं.

मग कोणीतरी तक्रार केली आणि खात्यातले एक तरुण साहेब सायकलवर आमच्या घरी आले. चांगले होते. भाऊजींच्या हाताखाली कधीकाळी शिकलेले निघाले. मी चहा घेऊन आत-बाहेर करत होते, म्हणून सगळं ऐकलं.

साहेब म्हणाले, "काका, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पूल बिघडलाय असं तुम्ही म्हणत असाल तर सांगा. उद्यापासून पूल बंद करतो, पावसाळा उलटेपर्यंत. दिवाळीनंतर खांब उघडून पाहू. पण बिघडला नसेल तर हे लाल फडकं बंद करा. अर्धवट नको. काय सांगता?"

मी कप उचलायला गेले. भाऊजींनी कधी नव्हे ते माझ्याकडं पाहिलं, लगेच मान वळवली, आणि म्हणाले, "ठीक हाय."

"पूल ठीक आहे?"

"ठीक हाय म्हटलं ना."

साहेब समाधानानं गेले. माझाही जीव भांड्यात पडला. लाल फडकं गेलं. मला वाटलं, संपली कटकट.

दोन-चार दिवसांनी मोटर पुलावर असताना कोंबड्यांची बाई खिडकीतून खाली वाकून म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमचे भासरे नाल्यात बसले हाये."

सगळी मोटर एका बाजूला झुकली. मी पाहिलं. पुलाच्या खाली, मधल्या खांबाच्या बुडाशी एका धोंड्यावर भाऊजी छत्री उघडून बसले होते. एक हात खांबाला लावलेला. पाणी पायांजवळून जात होतं. आमची मोटर डोक्यावरून गेली तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

संध्याकाळी परत येताना तेच. दुसऱ्या दिवशी तेच. रहीमभाई आता पुलावर मोटर हळू घालत. भाऊजींनी त्यांना काय सांगून वळवलं होतं कोण जाणे. मोटरीत मात्र माझी पाळी रोज ठरलेली. "बाई, आज साहेबाले मासोया सापडल्या का?" "बाई, घरात जागा कमी पडते का?" मी पुस्तक उघडून डोळ्यांसमोर धरी. त्या पावसाळ्यात मी एक पान वाचलं नाही.

मी चौकटीला विचारलं, "भाऊजी, नाल्यात काय करता?"

"सावली चांगली राह्यते."

"पावसात सावली?"

पलीकडून खोकल्याचा आवाज आला. खोकला खरा होता. ओल्यात बसून बसून तो छातीत उतरत होता. मी काढा करून दाराशी ठेवत होते, आणि ठेवताना भांडं आपटत होते.

भादवा सरत आला तेव्हा एक दिवस गिरजाबाई वाटीभर साखर मागायला आमच्याकडं आल्या. ओसरीवर यंत्र टांगून ठेवलेलं होतं. त्या वाटी धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"ओ बाई," त्या म्हणाल्या, "आमचा वरवंटा फाशी काऊन दिला?"

"तुमचा कसा? आमचा आहे."

"वा! ही लाल शीर दिसून नाई राह्यली? माह्या सासूनं निवडून आनलेला दगड हाय तो. म्हनूनच मी म्हनते, टाकी लावल्यापासून वाटन बारीक काऊन होत नाई! तुमचा तो हलका वरवंटा मी दोन महिने रेटून राह्यले. मनगटं गेले माह्ये."

टाकीवालीनं दोन्ही वरवंटे कडुनिंबाखाली शेजारी ठेवले होते आणि परत देताना अदलाबदल झाली होती. गिरजाबाईंचा चांगलाच जड होता. मी हे सगळं हसत सांगायला मधल्या दाराकडं वळले, तर भाऊजी दारात उभे होते. त्यांनी दोरी सोडली, गिरजाबाईंचा वरवंटा त्यांना दिला, त्यांच्या घरून आमचा आणला, आणि यंत्र डोक्यावर घेऊन पुलाकडं निघाले. छत्रीसुद्धा नेली नाही.

परत आले तेव्हा काच त्यांनी उजेडात धरली होती. तीच जुनी रेघ होती, आखूड, झटपट. पुलाला काही झालेलं नव्हतं. स्प्रिंगला टांगलेलं वजन वाढलं, त्याचा स्वतःचा झोका संथ झाला, आणि तो झोका पुलाच्या रेघेत मिसळून पूल सुस्तावल्यासारखा दिसत होता. आजारी होता तो वरवंटा.

मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. आणि तो पडला तसा इतक्या वर्षांतला सगळा संताप एकदम वर आला. मी दाराशी गेले.

"म्हणजे साहेब आले तेव्हा तुम्हाला पूल बिघडलेलाच वाटत होता."

"हो."

"आणि तुम्ही ठीक आहे म्हणून सांगितलंत."

"हो."

"का?"

"बंद झाला असता. शाळा गेली असती."

"आणि पडला असता म्हणजे? मोटरीत मी एकटी नव्हते, भाऊजी. माणसं होती. मुली होत्या."

"तेच तं." ते म्हणाले, "झोप नाई लागली मले तवापासून. म्हनून खाली बसत होतो. खांबाले हात लावला की आधी समजते. सरकला असता तं मी वरडलो असतो, रहीमनं मोटर मागं घेतली असती."

"आणि तेवढ्यात पडला असता तर? आधी तुमच्यावर पडला असता. खाली बसून तुम्ही काय करणार होतात?"

चौकटीपलीकडं भाऊजी विचार करत राहिले.

"ते मोजलं नव्हतं," ते म्हणाले.

मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मी म्हणाले, "एका नोकरीसाठी एवढं? शाळा गेली असती तर घरी बसले असते. उपाशी मरत नव्हतो आपण."

"मरत नव्हतो." मग खोकल्याची एक उबळ आली, ती सरू देऊन ते चौकटीला म्हणाले, "धाकटा गेल्यापासून ह्या घरात कोनी बोलत नाई. तुमी शाळेतून आल्या म्हनजे बोलता. दोनच गोष्टी सांगता. कोन्या पोरीनं काय इचारलं, कोनाचं गनित चुकलं. तेवढंच. सुट्टीच्या दिवशी तं तेही नाई. मी इकडं ऐकतो." आणि थांबून, "ते बंद करनं माह्या हातानं झालं नाई."

मी शाळेतल्या गोष्टी सांगत होते हे खरं. भांडी घासताना आपल्याशीच बोलत असे. ऐकणारं कोणी आहे असं मला वाटलंच नव्हतं.

भाऊजी यानंतर सुधारले असं कोणी समजू नये. खोकला बरा होताच यंत्र पुन्हा निघालं. फक्त त्या दिवसापासून ते वरवंटा आधी वाण्याकडं तोलून आणत, आणि वाण्याचा ताजवा खरा आहे का हे तपासायला आणखी वेळ लावत. म्हणजे चटणी पूर्वीपेक्षा उशिरा होऊ लागली. राज्यांची फेररचना होऊन आमचं गाव मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं तेव्हा गावात पेढे वाटले. भाऊजी त्या दिवशीही पुलावर गेले आणि येऊन म्हणाले, "राज्य हाललं. पूल जागेवर हाय." गावातल्या एका लग्नात त्यांनी पुन्हा बँड बंद पाडला. त्यावरून आमचं एका घराशी अजून बोलणं नाही.

शेवटच्या वर्षी त्यांचा स्वतःचाच हात कापू लागला. दारावर तळहात ठेवून ते उभे राहत आणि म्हणत, "दाराची का माही, ते समजत नाई आता." यंत्र त्यांनी त्या तरुण साहेबांना देऊन टाकलं. साहेबांनी ते नीट ठेवलं आहे, वजनासाठी लोखंडाचा गोळा बसवला आहे, आणि पावसाळ्यात पुलावर नेतात असं ऐकते.

मी शाळेतलं सांगताना दाराजवळ बसून सांगू लागले होते. थोडं मोठ्यानं. कधी त्यात माझं थोडं घालूनही. पलीकडून फार झालं तर एखादा "हं" येई.

आता खोली रिकामी आहे. पूल चांगला आहे. नोकरी कायम झाली आहे. मी सकाळच्या मोटरनं जाते, संध्याकाळच्या मोटरनं येते, आणि सांगायच्या दोन गोष्टी रोज असतात.